चौथा लखोटा

सकाळी साडेदहाला लोखंडी पेटी उघडली. सातही लखोट्यांवरची लाख अखंड असल्याची नोंद झाली, लखोटे एकेक करून फोडले गेले, आणि चौथ्या लखोट्यातले कागद हातात घेऊन टोलनाक्यावरची मोजणीवाली म्हणाली, "हे माझं नाही."

ती पुन्हा म्हणाली, या वेळी जरा मोठ्याने, "खाली सही माझ्यासारखी आहे. पण या रेघा मी मारलेल्या नाहीत."

खात्याच्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. कंपनीच्या मॅनेजरने छताकडे पाहिले. सरांनी तिच्याकडे पाहिले, आणि त्या नजरेत इतकी करुणा होती की ही बाई खोटे बोलत आहे, हे बाकीच्यांना मनोमन पटून गेले.

दक्षता विभागाच्या अधिकारी बाईंना फोन गेला तो अकराला. दुपारी तीनला लवाद बसणार होता. "त्याआधी एवढंच ठरवा," वरिष्ठ म्हणाले, "बाई खोटी की कागद खोटे."

या अधिकारी बाईंना अभियांत्रिकीच्या वर्गात 'शंका' म्हणत. तासाला एक तरी शंका विचारल्याशिवाय ती खाली बसत नसे. नाव तिथे शिकवणाऱ्या या सरांनीच ठेवले होते. पुढे नोकरीत बढत्या मिळाल्या, केस पिकले, पण नाव टिकले.

प्रकरण तिला ठाऊक होते. ते साऱ्या शहराला ठाऊक होते. रस्ता सरकारचा, म्हणजे जमीन जनतेची, खडी डोंगराची आणि पैसा कंपनीचा, निदान कागदोपत्री. कंपनीने बांधावा, पंधरा वर्षे टोल घ्यावा आणि चालते व्हावे, असा करार. त्यात एक कलम होते. दहाव्या वर्षी सलग सात दिवस वाहने मोजायची. रोजची सरासरी वीस हजार मोटारी भरली, तर ठरल्याप्रमाणे पंधराव्या वर्षी नाका उखडायचा. एकाने जरी कमी भरली, तर कंपनीला आणखी पाच वर्षे टोल. अवजड ट्रक जागा जास्त अडवतो, म्हणून एक ट्रक म्हणजे चार मोटारी धरायच्या. हे कलम लिहिणाऱ्याला मनुष्यस्वभावाची एक तर काहीच कल्पना नव्हती, किंवा फार चांगली होती.

वीस हजार हा आकडा मात्र हवेतला नव्हता. रस्ता बांधण्याआधी सरांनी चार महिने चौकाचौकात उभे राहून तो काढला होता. दहा वर्षांनी इथून रोज वीस हजार जातील, हे त्यांचे भाकीत. त्याच भरवशावर बँकांनी कर्ज दिले आणि लोकांनी रोखे घेतले. निवृत्तीनंतर सर याच रस्त्याचे स्वतंत्र अभियंता झाले. हे पद मोठे गमतीचे असते. त्याचा अर्धा पगार सरकार देते, अर्धा कंपनी, आणि म्हणून तो कुणाचाच नाही असे मानण्यात येते. सरांच्या बाबतीत ते खरेही मानले जाई. नाक्याविरुद्ध ओरडणारी माणसेसुद्धा म्हणत, सर आहेत ना, मग मोजणी खरी होईल.

आज उघडलेल्या लखोट्यांची सरासरी भरली होती एकोणीस हजार नऊशे.

शंका खोलीत आली तेव्हा सगळे उठले. ती म्हणाली, "सर माझे गुरू. मॅनेजर माझ्या वर्गातला. कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा, मी परत जाते."

"सरांचे विद्यार्थी वगळायचे म्हटलं तर खात्यात शिपाईच उरतील," साहेब म्हणाले. हे साहेब म्हणजे खात्याचे कार्यकारी अभियंता. तेही सरांचेच विद्यार्थी.

तिने आधी लखोटे पाहिले. प्रत्येकाच्या तोंडावर लाख, लाखेवर सरांच्या पितळी शिक्क्याचा ठसा, आणि तीन सह्या. साहेबांची सही सगळीकडे सारखी. मॅनेजरची पहिल्या तीन लखोट्यांवर निळी, चौथ्यावर काळी, पाचव्यावर निळी, सहाव्या-सातव्यावर काळी. सरांची टपोरी, खाली तारीख, त्याखाली वेळ. सहा वाजून चार मिनिटे. सहा वाजून दोन मिनिटे. असे सातही.

"सर, या सह्या तुमच्याच?"

"सकाळी नोंदीत सांगितलंय. सातही माझ्या."

मग तिने कागद पाहिले. अवजड वाहनांची मोजणी तीन पाळ्यांत होई. दिवसपाळी सातही दिवस मोजणीवालीकडे. दर पंधरा मिनिटांना एक ओळ, वाहनाच्या प्रत्येक प्रकाराला एक चौकट. ट्रक गेला की रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी तिरकी. ज्या पंधरा मिनिटांत ट्रॅक्टर गेला नाही, तिथे ट्रॅक्टरची चौकट कोरी. सहा दिवस असेच होते.

चौथ्या दिवसाचे तिच्या पाळीचे कागद नीटनेटके होते. एकही चौकट मोकळी नव्हती. जिथे वाहन नव्हते तिथे छोटीशी आडवी रेघ होती. शंकेने ते पाहिले, आणि तेवढ्यात साहेबांनी तिच्यापुढे टंकलेले एक पत्र सरकवले.

"हे काय?"

"मोजणीवालीला द्यायचं. लवादापुढच्या कागदांविषयी खोटं निवेदन. फौजदारी होईल. तुमचा शेरा तेवढा हवा."

"पत्र तयार आहे म्हणजे चौकशी झालेलीच दिसते."

"वेळ वाचावा म्हणून," साहेब म्हणाले.

*

मोजणीवाली शेजारच्या अरुंद खोलीत जुन्या फायलींच्या ढिगाला टेकून बसली होती. तिशी ओलांडलेली, नऊ वर्षे हंगामी. कायम होण्याचा आदेश पुढच्या महिन्यात निघणार होता.

"नाव सांगत बसू नका, रेघा मारून दाखवा," शंका म्हणाली.

तिने डाव्या हाताने पेन धरले. चार उभ्या, एक तिरकी. इतरांची तिरकी रेघ जिकडे झुकते, तिची बरोबर त्याच्या उलट. बाकीच्या सहा दिवसांतही तशीच. चौथ्या दिवशी मात्र सगळ्या तिरक्या रेघा चारचौघांसारख्या.

"थकल्यावर हात बदलला असेल?"

"मॅडम, उजव्या हातानं मला भातसुद्धा नीट कालवता येत नाही."

"त्या दिवशी काही वेगळं घडलं?"

ती घुटमळली. "पाळी संपायला पंधरा मिनिटं असताना मी खुर्चीवरून उठले. माझ्या आईला धाप लागली होती. आई नाक्याच्या पलीकडे राहते. शेजारणीचा फोन आला. सर तिथेच उभे होते. म्हणाले, जा तू आईकडे, शेवटची ओळ मी भरतो. खुर्चीत बसले आणि माझं पेन मागून घेतलं. एवढा मोठा माणूस."

"उठलात तेव्हा किती झाले होते?"

"सोळाशे पाच ट्रक. आईला सांगितलं मी जाऊन. म्हणाली, एवढे ट्रक बघण्यापेक्षा आईचं तोंड बघायचंस."

कागदावर बेरीज होती नऊशे चाळीस.

"लवकर उठल्याचं आधी का नाही सांगितलं?"

"साहेब म्हणाले, तेच तुझ्यावर शेकेल. जागा सोडलीस म्हणतील." तिने डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "सरांना विचारा मॅडम. ते खरं सांगतील. या इमारतीत माझ्या बाजूनं बोलणारं तेवढं एकच माणूस आहे."

*

"लखोट्यांवर सह्या कधी केल्यात?" शंकेने साहेबांना विचारले.

"म्हणजे?"

"मराठीतच विचारलं मी. कधी?"

साहेबांनी दार लोटून घेतले. "हे बघा, मोजणीचा दिवस संपतो सकाळी सहाला. नाका इथून चाळीस किलोमीटर. रोज कोण जाणार? पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी कोऱ्या लखोट्यांवर सह्या उरकून टाकल्या."

"आम्ही दोघांनी म्हणजे?"

"मी आणि मॅनेजर. सगळीकडे असंच चालतं."

"किती लखोटे?"

"आठ. सात लागणारे, आणि एखादा फाटलाबिटला तर म्हणून एक."

"आणि सर?"

साहेब हसले. त्या हसण्यात थोडी लाज होती. "सर कसले ऐकतात. पाहिल्याशिवाय सही नाही. या वयात रोज सकाळी सहाला नाक्यावर हजर. सही, तारीख, वेळ. आम्हाला म्हणाले, तुम्ही कोऱ्या कागदाचे साक्षीदार आहात."

"खरं तेच म्हणाले."

"आता हे लवादापुढे येणार का?"

"तुम्हीच ठरवा. साक्षीदार तुम्ही आहात."

*

मॅनेजरला वर्गात 'कार्बन' म्हणत. परीक्षेत त्याच्या पुढच्या बाकावरच्या चुकासुद्धा त्याच्या कागदावर उमटत. आता अंगावर उंची सूट होता आणि बोलण्यात साय होती.

"शंका, तू अजून टोल भरून येतेस? पास करून देतो की."

"भरते. पावती ठेवते. सह्या करताना काही विशेष घडलं?"

"सह्यांत काय घडणार? पाच झाल्या आणि माझं निळं पेन संपलं. तुमच्या कारकुनाचं काळं घेतलं. खात्याचं पेन म्हणजे, आधी चार वेळा हवेत गिरवावं लागतं."

"सरासरी वीस हजारांवर गेली असती तर?"

"वाईट झालं असतं." तो मनापासून काळजीत असल्यासारखा दिसला. "पंधरा वर्षांच्या वसुलीत रोखे फिटत नाहीत. कंपनीनं हात वर केले असते. आणि रोखे कुणाकडे आहेत माहितीये ना? तुमच्याच निवृत्त इंजिनिअरांच्या सोसायटीकडे. चारशे बारा म्हातारे. सरांच्या शब्दावर घेतले त्यांनी."

"हे तू सरांना सांगितलंस?"

"काळजी बोलून दाखवली. गुरूंपाशी नाही बोलायचं तर कुणापाशी?"

*

कारकून हा त्या कार्यालयातला एकमेव माणूस, ज्याला कशाचीच भीती नव्हती. त्याची निवृत्ती सतरा दिवसांवर आली होती.

"लखोटे तुमच्या ताब्यात होते?"

"कोरे होते तोवर. गठ्ठा ज्या क्रमानं सह्या झाल्या त्याच क्रमानं माझ्या खणात. रोज पहाटे वरून एक काढायचा आणि ड्रायव्हरबरोबर नाक्यावर पाठवायचा. सरळ काम."

"आठवा?"

"उरला. सातव्या दिवशी सरांनी विचारलं, आठवा कुठाय. दिला. म्हणाले, सह्या केलेलं कोरं पाकीट असं हिंडू देऊ नये, फाडून टाकतो. आम्हाला चांगलं फैलावर घेतलं."

"फाडला?"

"फाडायला घेतला होता. तेवढ्यात मला साहेबांची हाक आली. साहेबांची हाक नेहमी अशाच वेळी येते."

"पेटी कुठे होती?"

"आमच्या अभिलेख कक्षात. किल्ली सरांकडे. खातं आणि कंपनी, दोघांपैकी कुणाचाच कुणावर विश्वास नाही म्हणून तशी सोय. आठव्या दिवशी सर लाख तपासायला आले होते, अर्धा तास बसले. नोंद आहे वहीत. त्यांनीच करायला लावली."

शंका म्हणाली, "रोख्यांचा करार असलेली फाईल आणा. पूर्ण."

"ती दहा वर्षांत कुणी मागितली नाही."

"म्हणूनच."

*

सर खिडकीपाशी बसले होते. समोर चहा निवत होता. त्यांनी खुर्ची पुढे ओढून दिली, जशी ते पूर्वी तोंडी परीक्षेला देत.

"बस. दमलीस?"

"नाही, सर."

"तिच्यावर फार कडक होऊ नकोस. घरी आई आजारी. त्या दिवशी तिचं लक्ष नव्हतं. मी सांगेन लवादाला, हेतू वाईट नव्हता. फौजदारी करू नका म्हणेन."

"आणि नोकरी?"

"ती जाईल बहुतेक. हंगामी आहे गं ती." त्यांनी चष्मा पुसला. "आपण माणसांवर नाही, कागदावर विश्वास ठेवतो. त्याला इलाज नाही."

"तुम्ही मला पहिल्यांदा मोजायला उभं केलंत तो चौक आठवतो?"

सरांचा चेहरा उजळला. "आठ तास उभी होतीस. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा."

"पुन्हा का, सर?"

"चौकटी कोऱ्या सोडल्या होत्यास म्हणून. किती वेळा सांगितलं तुम्हाला. कोरी चौकट म्हणजे मोजणारा झोपला होता. रेघ मारलेली चौकट म्हणजे रस्ता झोपला होता. वाचणाऱ्याला फरक कळला पाहिजे."

शंका हसली नाही. तिच्या हातातले पेन वहीवर टेकलेले होते. ते तिथेच थांबले, आणि त्याच्या टोकाखाली शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत गेला.

"चहा घे," सर म्हणाले. "माझा नको, दुसरा मागव. हा थंड झाला."

*

अडीचला तिने सगळ्यांना एकत्र बसवले. टेबलावर सात लखोटे एका ओळीत मांडले. मोजणीवाली दाराशी उभी राहिली. तिला खुर्ची दिल्यावरच शंकेने बोलायला सुरुवात केली.

"आधी एक गोष्ट मिटवू. चौथ्या दिवसाचे अवजड वाहनांचे कागद यांनी लिहिलेले नाहीत. या डावखुऱ्या आहेत. सहा दिवस रेघा एकीकडे झुकतात आणि एकाच दिवशी दुसरीकडे. थकवा रेघ वाकडी करतो, तिची दिशा उलटी करत नाही."

"मग लखोट्यात कागद शिरले कसे?" साहेबांनी विचारले. "लाख तर अखंड होती."

"लाख अखंडच आहे. लखोटा दुसरा आहे." तिने मॅनेजरकडे पाहिले. "कार्बन, पाच सह्या झाल्यावर तुझं पेन संपलं. म्हणजे निळ्या पाच, मग काळ्या तीन. लखोटे वरून एकेक निघत गेले. पहिले पाच निळे हवेत, सहावा-सातवा काळा, आणि उरलेला आठवा काळा. आता ही ओळ बघा."

सगळे पुढे झुकले. निळा, निळा, निळा, काळा, निळा, काळा, काळा.

"चौथा काळा आहे. हा चौथा नव्हे, हा आठवा. जो फाडला गेला असं आपण मानत होतो, तो."

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. "तो लखोटा तर—"

"थांबा. आठव्या लखोट्यावर दोनच सह्या आधीपासून होत्या, तुमची आणि मॅनेजरची. त्यांची किंमत तुम्हीच ठरवून ठेवलीत. मॅनेजरच्या हाती तो लागला असता तर त्याला तिसऱ्या सहीची नक्कल करावी लागली असती. तुमच्या हाती लागला असता तर तुम्हालाही. कारण या इमारतीत एकच माणूस पाहिल्याशिवाय सही करत नाही. आज सकाळपासून मी तीच गोष्ट ऐकतेय, आणि प्रत्येकानं ती त्या माणसाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून सांगितली."

ती सरांकडे वळली नाही. लखोट्याकडेच पाहत राहिली.

"आठव्या लखोट्यावरची तिसरी सही खरी आहे. सहीवाल्यानं स्वतः सकाळी नोंदीत सांगितलं. म्हणजे आत काय आहे हे पाहूनच त्यानं ती केली."

मोजणीवाली उठून उभी राहिली. "मॅडम, सरांनी माझी शेवटची ओळ भरली. तुमचा काहीतरी घोळ होतोय."

"शेवटची ओळ त्यांनी भरली, तेव्हा रिकाम्या चौकटींत त्या एका ओळीपुरत्या आडव्या रेघा असायला हव्या होत्या. ती त्यांची सवय आहे. या कागदांवर त्या रेघा सकाळच्या पहिल्या ओळीपासून आहेत. तुम्ही कोऱ्या सोडता. आजकाल सगळेच सोडतात. कार्बननं तर आयुष्यात चौकट स्वतः भरलेली नाही. खोटी मोजणी लिहितानासुद्धा एक चौकट कोरी राहू नये, इतकी शिस्त असलेला माणूस मला एकच माहीत आहे. त्यांनीच मला ती शिकवली."

मग तिने सरांकडे पाहिले.

सर स्वतःच्या हातांकडे पाहत होते. "चारशे बारा घरं आहेत, शंका," ते म्हणाले. "माझ्या शब्दावर म्हातारपणाची पुंजी घातली लोकांनी. त्यात माझ्या धाकट्या भावाची विधवा आहे. मुदत वाढली नाही तर रोखे बुडणार होते. मी एक पैसा घेतलेला नाही."

"माहीत आहे. बुडणार हे कुणी सांगितलं?"

सरांनी मॅनेजरकडे पाहिले. मॅनेजर पुन्हा छताकडे पाहू लागला होता.

"कागद पाहिलात?"

सरांनी चष्मा काढला.

शंकेने जाड फाईल उघडली. खूण घातलेली होतीच. "रोख्यांचा करार. पान नऊ. कंपनीनं फेड केली नाही, तर मुद्दल आणि व्याज दोन्ही सरकार देईल. विनाअट. सर, हे रोखे बुडूच शकत नव्हते. कंपनीनं या रस्त्यावर धोका म्हणून जो पत्करला, तो पहिल्या दिवसापासून लोकांच्या खिशात ठेवलेला होता. नफा तेवढा खाजगी. चारशे बारा घरांपैकी एकाही घराला धक्का लागला नसता. धक्का बसला असता तो फक्त कंपनीच्या पाच वर्षांच्या कमाईला."

ते पान तिने त्यांच्यापुढे ठेवले. सरांनी चष्मा लावून ते वाचले. एकदा, मग पुन्हा. पाहिल्याशिवाय सही न करणाऱ्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट न पाहता मान्य केली होती.

"मी फक्त काळजी बोलून दाखवली होती," मॅनेजर म्हणाला.

"तीच तीन वाजता लवादापुढे बोलून दाखव. शब्द बदलू नकोस. एवढं तुला जमतं."

"एक विचारू?" मोजणीवाली म्हणाली. तिने 'सर' म्हटले नाही. "सात दिवस होते. माझाच दिवस का?"

सरांनी मान वर केली नाही. "लवकर गेली होतीस. तुझ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता."

"मला तुम्ही पाठवलंत. आई बरी होईल म्हणालात." तिचा आवाज चढला नाही. "तेव्हाच ठरलं होतं?"

"नाही. तेव्हा नाही." ते थांबले. "नंतर सोयीचं वाटलं."

ती खाली बसली.

"खरे कागद द्या, सर," शंका म्हणाली.

"ते कशावरून असतील?" साहेब म्हणाले. "कोण ठेवेल?"

"यांनी उभ्या आयुष्यात मोजणीचा कागद फाडलेला नाही. तो आठवा लखोटासुद्धा फाडवला नाही त्यांच्याच्यानं."

सरांनी पायाशी ठेवलेली कातडी बॅग उघडली. आत घडी न पडू देता पुठ्ठ्यात जपून ठेवलेला लखोटा होता, लाख फोडलेला. त्यावर मॅनेजरची सही निळी होती. शंकेने कागद काढून मोजणीवालीपुढे ठेवले. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवले, उलट झुकलेल्या रेघांवरून ते हळूहळू खाली नेले, आणि शेवटच्या ओळीपाशी थांबवले. तिथे रेघा वेगळ्या हाताच्या होत्या, आणि ट्रॅक्टरच्या चौकटीत छोटीशी आडवी रेघ.

"इथपर्यंत माझं," ती म्हणाली.

कारकुनाने बेरीज केली. सोळाशे चाळीस. चौथ्या दिवसातून सातशे ट्रक नाहीसे झाले होते, म्हणजे अठ्ठावीसशे मोटारी. त्या परत आल्यावर सात दिवसांची सरासरी झाली वीस हजार तीनशे.

"तुमचं भाकीत खरं ठरलं होतं, सर," शंका म्हणाली. "रस्त्यांची भाकितं कधी खरी ठरत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत. मी नोकरीत जेवढी पाहिली तेवढी सगळी फसली. हे एक जमलं होतं. ते तुम्ही स्वतः खोडलंत."

सरांच्या चेहऱ्यावर तेव्हा काहीतरी हलले. चोरी उघड झाल्यावर जे हलले नव्हते, ते.

पावणेतीन झाले होते. सरांनी कबुलीजबाब स्वतःच लिहिला. त्यात एकही खाडाखोड नव्हती. खाली सही केली, त्याखाली तारीख, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ. दोन वाजून त्रेपन्न मिनिटे. ती बरोबर होती.

साहेबांनी टंकलेले पत्र गुपचूप उचलायला हात पुढे केला. शंकेने त्यावर तळहात ठेवला. "राहू द्या. चौकशीआधी निकाल कसा तयार होतो, त्याचा नमुना म्हणून जोडतेय. कोऱ्या लखोट्यांची हकीकतही त्यातच येईल."

मग तिने अहवालाचा छापील नमुना भरायला घेतला. प्रकरण, दिनांक, दोषी व्यक्ती, कृत्याचे स्वरूप. शेवटून दुसऱ्या ओळीत एक चौकट होती: चौकशी अधिकाऱ्याचे संबंधित व्यक्तीशी नाते.

सकाळी सर्वांसमोर तिने ते मोठ्याने सांगितले होते. आता पेन चौकटीवर थांबले. समोरच्या खुर्चीतून सर पाहत होते. कागद उलटा असला तरी त्यांना तो वाचता येत होता, पूर्वीही येई.

तिने चौकट कोरी सोडली नाही. मधोमध छोटीशी आडवी रेघ मारली आणि कागद लवादाकडे पाठवला.